माती गार होती

माझ्या दादाने आमच्या आईला फसवलं.

भिवंडीत हे वाक्य बोललं की समोरचा लगेच विचारतो, "किती गुंठे?" धामणकर नाक्यावर रिक्षाची वाट बघताना मी एका ओळखीच्या बाईला हे सांगितलं, तर तिने आवाज खाली आणून मला वकिलाचा पत्ता दिला. तिचा दोष नाही. आमच्याकडे भाऊ फसवतो तो सातबाऱ्यावरच फसवतो. पण आमची जमीन गोदामासाठी विकली ती सगळ्यांच्या संमतीने. आईने अंगठा दिला, मी सही दिली, आणि भाव ठरवायला घरातून मीच बसले होते. गोदामवाल्याच्या माणसाने दोनदा समोरचा चहा थंड होऊ दिला आणि तिसऱ्या चहाला माझं ऐकलं. त्या व्यवहाराबद्दल माझं कुणाशी भांडण नाही.

दादाने आईला फसवलं ते दोन हात रुंदीच्या एका काकडीच्या वाफ्यावरून. माती तापली नव्हती आणि त्याने ती तापली म्हणून सांगितलं. ऐकणाऱ्याला हसू येतं हे मला माहीत आहे.

आमचं गाव दिघाशी. भात कापून झालं की ओढ्याच्या अंगाला असलेल्या तुकड्यात आई वाल टाकायची आणि संक्रांत गेली की त्याच तुकड्याच्या कोपऱ्यात काकडी. पांढरी, आखूड, देठाकडे जरा हिरवी काकडी. होळीच्या सुमाराला आमच्या बाजूने बाजारात पहिली काकडी आणणारी बाई म्हणून तिची ओळख होती. पहिलं यायचं तर लवकर पेरावं लागतं आणि लवकर पेरायचं तर थंडीशी गाठ असते. माघातली माती दुपारच्या उन्हाने वरून कोमट लागते. चार बोटं खाली गेलं की ती गारच असते. वालाला त्याचं काही वाटत नाही. काकडीचं बी मात्र गार ओल्या मातीत पडलं की फुगतं, मऊ होतं आणि कुजून जातं.

म्हणून आई आधी माती बघायची. सकाळी, वाफ्यावर ऊन यायच्या आत. वीतभर खड्डा उकरायची, पदर खोचून खाली बसायची, उजवा हात दुमडून कोपर खड्ड्यात टेकवायची आणि डाव्या हाताने वरून माती ओढून घ्यायची. मग डोळे मिटून गप्प. बाळाच्या अंघोळीचं पाणी बायका कोपर बुडवून बघतात, तसंच ते. लागोपाठ तीन सकाळी बघायची. तिन्ही सकाळी कोपराला गारवा लागला नाही तरच पेरायचं. एक जरी सकाळ गार निघाली तर पुन्हा पहिल्यापासून.

शेजारणी बांधावरून हसायच्या. "वयनी, माती न्हाऊ घालताव का?"

"तुमचा बी कुजला ना, मंग हसा," आई डोळे न उघडता म्हणायची.

मी लहान असताना तिला विचारलं होतं, तळहाताने का बघत नाहीस. ती म्हणाली, "हाताला कामाची सवय हाय, बाय. हात चुलीवरचा टोप बी धरतंय न हिरीचा पाणी बी. त्याला काय कलतंय? कोपर कोणच्या कामाला जात न्हाय. ते खरं सांगतंय." मग तिने माझं कोपर धरून खड्ड्यात टेकवलं. पहिल्या दिवशी मला काहीच कळलं नाही. आठवडाभराने कळायला लागलं. दादाला तिने शिकवून बघितलं होतं, पण तो गप्प बसेना. आम्हां दोघांत परक्या घरी जाणारी मी होते, शेत त्याच्याकडे राहणार होतं, आणि कोपर माझंच शिकलं.

बी तिच्या माहेरचं होतं. वेलावरची एक काकडी पिवळी होऊन सुटेपर्यंत ठेवायची, तिचं बी राखेत घोळायचं आणि चुलीमागच्या भिंतीवर थापायचं. धुराने ते तिथे घट्ट बसायचं. उंदीर नाही, कीड नाही. पुढच्या माघात उलथन्याने खरवडून काढायचं. दुकानातलं पाकीट तिने कधी घरात आणलं नाही.

लग्न होऊन मी भिवंडी शहरात, नारपोलीला आले. मिस्टर पॉवरलूमवर कामाला होते, एक आठवडा दिवसाची शिफ्ट, एक आठवडा रातपाळी. घराखालच्या कारखान्यात लूमखाली पडलेली चिंधी आणि तुटलेलं सूत झाडून फेकत होते, ते मी गोणीत भरून गॅरेजवाल्यांना विकायला लागले. पहिली गोणी डोक्यावर, दुसरी रिक्षात, मग माझा स्वतःचा टेम्पो. आज नारपोलीतल्या बऱ्याच कारखान्यांची चिंधी माझ्याकडे येते. हे मी कुणाच्या ओळखीने केलं नाही, तोंडाने केलं. गोणीत ओलं सूत घालून वजन वाढवणाऱ्या एका शेठला मी त्याच्याच दारात अशी बोलले होते की त्याचे कारीगर लूम बंद करून ऐकत उभे राहिले. माझा राग सगळ्यांना माहीत आहे. राग धंद्याला उपयोगी पडतो असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

आईला लकवा झाला तेव्हा ती वाफ्यातच होती. जीव वाचला, बोलणं परत आलं, पाय ओढत का होईना ती चालायला लागली. उजवा हात मात्र गेला. लोंबत होता असं नाही, पण त्याला काही लागत नव्हतं. वहिनीने एकदा त्या हातावर चुकून गरम डाळ सांडली तर आईने आधी डाळ पुसली आणि मग विचारलं, भाजलं का गं मला. त्या वर्षी काकडी पेरलीच नाही. भिंतीवरचं बी भिंतीवर राहिलं.

त्याच वर्षात जमीन गेली. गोदामवाल्याला ती जागा रस्त्याच्या पातळीला आणायची होती, म्हणजे मुरमाचा भराव करायचा होता आणि भरावाचं काम दादाने घेतलं. आपल्याच जमिनीवर आपणच मुरूम टाकायचा. आमच्या तालुक्यात हे आता नवीन नाही. मी त्यालाही काही बोलले नाही. काम दुसऱ्याने घेण्यापेक्षा घरात आलेलं बरं.

संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेले तेव्हा आई पडवीत बसली होती. तिला शेवटचा एक वाफा करायचा होता. खाण्यासाठी नाही. बी दोन वर्षांचं झालं होतं, भिंतीवर आणखी एक वर्ष राहिलं तर उगवेल याची खात्री नव्हती. एक वेल लागला, एक काकडी पिकली, की ताजं बी हाती येणार होतं. मग ते मी नारपोलीला नेऊन गच्चीत लावलं असतं, मामेबहिणीने तिच्या वाडीत लावलं असतं. जमीन गेली याचं ती बोलत नव्हती. बी जाईल याचं बोलत होती.

मी दादाला बाहेर गाठलं. तो डंपरवाल्याशी फोनवर बोलत होता.

"कोपरा सोड," मी म्हटलं. "ओढ्याकडचा. बाकी सगळा भर."

"नारपोलीची शेठाणी आली," तो फोन खिशात टाकत म्हणाला. "कोपरा सोडून भराव कसा करतात ते पण सांग. गोदामवाला माझ्या डोक्यावर बसलाय."

"होळीपर्यंत."

"होळीला काकडी येईल. पिकायला आणखी महिना. मी काय मुरूम उशाला घेऊन बसू?"

आम्ही अर्धा तास वाद घातला. मी गोदामवाल्याच्या माणसाला फोन लावायची धमकी दिली, त्याने मला माहेर आठवायची वेळ चांगली निवडलीस म्हणून टोमणा मारला. शेवटी ठरलं ते असं: वाफा उगवला तर काकडी पिकून पिवळी होईपर्यंत कोपऱ्याला हात लावायचा नाही. पेरल्यापासून दहा दिवसांत उगवला नाही तर कोपरा मोकळा, मग आईने हट्ट करायचा नाही. दादाने ही अट घातली आणि मी लगेच हो म्हटलं. आईचा वाफा उगवला नाही असं एकदाही झालं नव्हतं. मला वाटलं, याला काही कळत नाही, फुकटात कबूल झाला. परत येताना टेम्पोत मी खूश होते.

पेरणीच्या दिवशी सकाळी आईचा फोन आला. मी एका कारखान्याच्या दारात उभी होते. आत लूम चालू, त्यामुळे एक कान बोटाने बंद करून बोलत होते.

"येतीस का?" आई म्हणाली. "तुजा कोपर पायजे."

"आज नाही जमणार गं. तुझं डावं आहे ना."

"डाव्याला काय कलतंय? त्यानं जल्मात माती बघलीच न्हाय."

"मग दादाला सांग. घरातच आहे ना तो."

"त्याचा कोपर गाडीच्या खिडकीवर असतंय दिवसभर," ती म्हणाली. "तू ये. एक दिवस ये. मी थांबतंय."

समोर शेठ गोण्या मोजायला उभा होता आणि माझ्याकडे बघत घड्याळावर बोट आपटत होता. मी म्हटलं, "आई, दादाला सांग. मी उद्या बघते." मी फोन ठेवला. त्या गोण्यांचा सौदा मी जिंकले. आज मला त्या शेठचा चेहरासुद्धा नीट आठवत नाही.

दुपारी परत फोन आला. दादाने कोपर टेकवलं, माती तापलेय म्हणाला, तिने पेरलं. वहिनीने स्टूल दिलं होतं, त्यावर बसून तिने डाव्या हाताने एकेक बी दाबलं. "सगला टाकला," ती म्हणाली. मी विचारलं, सगळं कशाला, अर्धं ठेवायचं. ती नेहमी अर्धं ठेवायची, एक वाफा फसला तर दुसरा. ती म्हणाली, "दुसरा वाफा कुठं हाय आता?"

तीन सकाळी बघितलं का, हे मी विचारलं नाही. त्या आठवड्यात नारपोलीत लोक शेकोट्या करत होते. कारखान्यातले कारीगर सकाळी कानाला मफलर गुंडाळून ड्युटीवर येत होते. मी स्वतः स्वेटर घालून उभी होते आणि फोनवर माझी आई मला सांगत होती की माती तापली. माझ्या लक्षात आलं नाही.

पाचव्या दिवशी आलं. सकाळी नळाचं पाणी हाताला झोंबलं आणि मी तशीच उभी राहिले. मिस्टरांनी विचारलं काय झालं. मी म्हटलं, काही नाही. तिथून निघाले ती आमच्या गल्लीच्या टोकाला साइझिंगचा कारखाना आहे तिथे गेले. सुताला लावायची खळ तिथे शिजवतात आणि खळ किती तापली ते बघायला त्यांच्याकडे लांब दांडीचं थर्मामीटर असतं. तिथले मास्टर म्हातारे आहेत, मला धंद्यात आल्यापासून ओळखतात.

"थर्मामीटर? किसको बुखार आया?" त्यांनी विचारलं.

"मिट्टी को."

त्यांनी चष्मा वर केला. "ताई, चिंधी बेचते बेचते मिट्टी का डॉक्टर बन गयी तुम?" पण दिलं. दांडी पुसून, जुन्या रुमालात गुंडाळून दिलं आणि म्हणाले, शाम तक वापस लाना, नहीं तो मेरी खळ कच्ची रहेगी.

वाटेत बियाण्याच्या दुकानात थांबून विचारलं. काकडीला माती किती पाहिजे? दुकानदार म्हणाला, वीस डिग्रीच्या वर तरी हवी, त्याखाली टाकू नका, पैसे वाया. मला तेवढा आकडा पुरे होता.

मी पोचले तेव्हा ओढ्याकडच्या झाडांची सावली होती, वाफ्यावर अजून ऊन आलं नव्हतं. दादा घरी नव्हता. मी दांडी चार बोटं खाली घातली. काटा सतरावर थांबला. दुसऱ्या टोकाला घातली, तिथेही सतरा. मग मी खड्डा उकरला, हात दुमडला आणि कोपर टेकवलं. कितीतरी वर्षांनी. यंत्राची गरजच नव्हती. गारवा हाडापर्यंत गेला. पाच दिवसांपूर्वी थंडी याहून जास्त होती. ज्याला आयुष्यात कधी कोपराने माती बघता आली नाही त्यालासुद्धा हे कळलं असतं.

एक बी उकरून काढलं. ते बोटाच्या पहिल्या पेराएवढंच खोल होतं, बरोबर जेवढं असायला हवं तेवढं. ओळही सरळ होती. बोटांत धरलं तर साल सुटली आणि आतून पांढरट पाणी आलं. आणखी तीन काढली. सगळी तशीच.

आई स्टुलावर येऊन बसली होती. "उगवतंय का गं?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "वेळ आहे अजून."

हे मी का म्हटलं ते मला सांगता येत नाही. दादाला समोर धरून बोलायचं होतं, त्याआधी तिला सांगायचं नव्हतं, असं काहीतरी असेल.

दहा दिवस झाले, दादा काही समोर सापडला नाही. अकराव्या दिवशी डंपर आला. मी दादाला फोन केला आणि जे बोलायचं ते सगळं बोलले. तो शांत होता. तो म्हणाला, "बी जुनं होतं. दोन वर्षांचं. तुला मान्य होतं दहा दिवसांचं. आता कशाला ओरडतेस?" आईलाही त्याने तेच सांगितलं आणि तिने ते मान्य केलं. मी गेले तेव्हा ती पडवीतून मुरमाच्या ढिगाकडे बघत होती. "बी म्हातारा झाला," ती म्हणाली. "माज्यासारका." आणि थोडं हसली. तिचं समाधान झालं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त दादाचं खोटं दिसत होतं.

मी स्वयंपाकघरात गेले आणि चुलीमागची भिंत बघायला लागले. उलथन्याने खरवडलेल्या खुणा होत्या. आई एका हाताने खरवडत होती, तेव्हा काहीतरी राहिलं असणार असं मला वाटलं. कोपऱ्यात, तेलाच्या डब्याच्या मागे, काजळीखाली राखेचा एक लहान पापुद्रा होता. त्यात तीन बिया होत्या. मी कुणाला सांगितलं नाही. कागदात घालून नारपोलीला आणल्या आणि थंडी जाईपर्यंत तशाच ठेवल्या.

घरी चिंधीची कमी नाही. मऊ सुती चिंधी ओली करून त्यात बिया गुंडाळल्या आणि कपाटावर ठेवल्या. तोवर होळी होऊन गेली होती, घर तापलं होतं. चौथ्या दिवशी उघडलं तर तिन्हींना कोंब आलेले. पांढरे, नखाएवढे.

आमच्या धंद्यात वाद झाला की नमुना दाखवतात. शेठ म्हणाला माल कोरडा आहे, तर गोणीत हात घालून ओलं सूत काढायचं आणि त्याच्या टेबलावर ठेवायचं. मग त्याला बोलता येत नाही. मी तीन कोंब चिंधीत गुंडाळले, पर्समध्ये टाकले आणि निघाले. घरी गच्ची होती. कुंडी होती. माती होती, तीही तापलेली. मला त्यातलं काही सुचलं नाही.

नाक्यावर ट्रॅफिक अडकलं होतं, शेअर रिक्षा तासभर हलली नाही. दुपारचं ऊन. माझा टेम्पो मालाच्या फेरीवर होता, पुढे गावाकडे जाणारा दुसरा मिळाला. गावात उतरले ती घरी न जाता आधी भरावावर गेले, कारण दादा तिथे होता. त्याच्यासमोर चिंधी उघडली.

"हे बघ तुझं जुनं बी."

त्याने बघितलं. डंपरवालाही बघायला आला. दादा म्हणाला, "तीन दाणे घेऊन उन्हातान्हात आलीस? तुझं डोकं ठिकाणावर हाय का?" मी आवाज चढवला, त्याने चढवला. मी चिंधी हातात घेऊन हातवारे करत होते. किती वेळ ते आठवत नाही.

मग घरी गेले आणि आईच्या मांडीवर चिंधी उघडली. ती वाळून कडक झाली होती. कोंब दोऱ्यासारखे तपकिरी पडले होते, एक तुटून चिंधीला चिकटला होता.

आईने डाव्या हाताने ते हळूच चाचपले. "कोंब आलं व्हतं?"

"हो."

"तीनाला बी?"

"तिन्हींना."

"मंग कुंडीत टाकायचं ना, बाय," ती म्हणाली.

मी पाणी आणलं, चिंधी भिजवली, कोंब भिजवले, दारातल्या तुळशीजवळ ओल्या मातीत लावले. आई बघत होती. दोघींनाही माहीत होतं की काही होणार नाही.

दादा जेवायला आला. त्याच्या पुढ्यात ताट आल्यावर आईने विचारलं, "तू कोपर टेकवला व्हतास ना रं, त्या दिशी?"

"टेकवला होता."

"थंड न्हवती?"

"अगं तेव्हाच सांगितलं ना तुला. तापली होती."

"मंग झालं," आई म्हणाली. ती माझ्याकडे वळली. "बी चांगला व्हता. माती तापली व्हती. मंग मीच खोल टाकला. डाव्या हाताला अंदाज न्हाय आला."

मी तिला सांगितलं, तू खोल टाकलं नव्हतंस, मी उकरून बघितलंय, पेराएवढंच होतं. मी सांगितलं की माती सतरा होती, माझं स्वतःचं कोपर टेकवलं होतं. तिने विचारलं, मग त्या दिवशी का नाही बोललीस? "वेळ आहे म्हणलीस तू." दादा भात कालवत होता. वहिनी त्याला आमटी वाढत होती. आई म्हणाली, "माजी बाजू घेतंस तू. मला कलतंय."

त्यानंतर चार महिने ती होती. कुणी भेटायला आलं आणि वाफ्याचा विषय निघाला की ती डावा हात पुढे करून दाखवायची. ह्यानं खोल टाकला. एवढी वर्षं काकडी केली न शेवटची ह्यानं घालवली. आलेली बाई म्हणायची, जाऊ दे वयनी, वयाने होतं. बांधावरून हसणाऱ्यांपैकीही एक जण आली होती. ती हसली नाही, मान हलवत राहिली. मला ते बघवेना, मी मागच्या दाराने बाहेर जाऊन उभी राहिले. जी बाई वाफ्यात डोळे मिटून बसली की घरातल्या सगळ्यांनी गप्प बसायचं, ती आता आल्यागेल्याला स्वतःची चूक सांगत होती, आणि ती चूक तिची नव्हती. तिला बी म्हातारं झालं असं वाटत होतं तोवर बरं होतं. ते मी काढून घेतलं, तीन बिया खर्च करून. बदल्यात तिला काय दिलं, तर हे.

श्रावणात ती गेली.

आता परत माघ आहे. वाफा होता तिथे मुरूम आहे, त्यावर सिमेंट, त्यावर गोदामाच्या गाळ्याची मागची भिंत. हे बी आणखी कुणाकडे असेल म्हणून मी आईच्या माहेरी जाऊन आले, दोन-तीन वाड्यांत विचारलं. सगळीकडे पाकिटाची काकडी आहे. चांगली येते म्हणतात.

दादाशी मी बोलत नाही, असं नातेवाईक म्हणतात. ते खरं नाही. मी एकच प्रश्न विचारते आणि तो विषय बदलतो. मागच्या महिन्यात त्याने वहिनीकरवी निरोप पाठवला, झालं गेलं विसर, आई परत येणार आहे का. आई परत येणार नाही हे मला माहीत आहे. मी त्याला जागा मागत नाही, माफी मागत नाही. दहा दिवसांची अट मी कबूल केली, आईने बोलावलं तेव्हा गेले नाही, पाचव्या दिवशी खरं बोलले नाही, कोंब लावायचे सोडून भांडायला नेले. हे मी इथे लिहिलं, कुणी विचारलं नसताना लिहिलं. यातलं काही नाकारणार नाही.

आता तू बोल, दादा. त्या सकाळी तू खड्ड्यात कोपर टेकवलंस का? टेकवलंस आणि गार लागलं, तरी तापली म्हणालास? की टेकवलंच नाहीस, उभ्या उभ्या सांगितलंस, कारण डंपर थांबला होता? दोन्हीपैकी काय झालं ते तुला एकट्यालाच माहीत आहे. श्रावणात आईचं वर्षश्राद्ध तू घालणार आहेस. गावातल्या त्या सगळ्या बायका जेवायला येतील, ज्यांना ती हात दाखवत होती. त्या पानावर बसल्या की उठून उभा राहा आणि सांग की आईने खोल पेरलं नव्हतं. माझ्या तोंडून ते त्यांना खरं वाटत नाही. तुझ्या तोंडून पाहिजे.